महामार्गाकडेचे चार बिंदू

त्या गावाचा नकाशा माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याचा खालचा डावा कोपरा वाळवीने खाल्लेला होता. कापडावर चिकटवलेला जुना कागद, घड्यांवर पुसट झालेली शाई, हात लावला की सुटणाऱ्या कडा. स्कॅनरच्या काचेवर त्याचा भुगा पडला, तो मी टिश्यूने पुसून टोपलीत टाकला. कुणाच्या तरी शेताचा तुकडा आपण कचऱ्यात टाकतोय, असं तेव्हा मनातही आलं नाही. जेवायची वेळ झाली होती.

खराडीतल्या एका कंपनीत मी तीन वर्षं हेच काम करत होते. शहराच्या हद्दीत आलेल्या गावांचे हाताने काढलेले जुने नकाशे स्कॅन करायचे आणि आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे. जुना कागद कधीच सरळ बसत नाही. तो हवेतल्या ओलाव्याने आडवा एका मापाने फुगतो-आकसतो, उभा दुसऱ्या. कुणीतरी कधीतरी तो तिरका चिकटवलेला असतो. म्हणून दोन्हीकडे ओळखू येतील अशा जागा शोधायच्या, त्यांची जोडी लावून द्यायची आणि बटण दाबायचं. किती फिरवायचं, किती ताणायचं, किती तिरकं करायचं आणि किती सरकवायचं, ते प्रोग्राम ठरवतो.

या गावात मला चार जागा सापडल्या. पुलाचं टोक, धर्मशाळेची भिंत, मारुतीच्या देवळाचा चौथरा आणि जुनी चावडी. पहिल्या तिन्ही महामार्गाच्या कडेला, ओळीने. चावडी तेवढी रस्त्यापासून चाळीस मीटर आत. बाकीचं शिवार पार खाली ओढ्यापर्यंत पसरलेलं, पण तिथे ओळखीचं काही दिसेना. नकाशात एक विहीर होती, उपग्रहाच्या चित्रात तिच्या जागी नुसती झाडं. उजव्या कोपऱ्यात तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड होता, चित्रात नुसतं रान. मी चार जागांवर बटण दाबलं. चूक दहा सेंटिमीटर, असं पडद्यावर आलं. एवढी कमी चूक आमच्या कुणाचीच येत नसे. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." मॅडम सदाशिव पेठेतल्या. त्यांच्याकडून "ठीक आहे" मिळालं की त्या दिवशी आम्ही बाहेरून वडापाव मागवत असू.

त्या शिवारातून एक नवा रस्ता जायचा होता. त्याची आखणी आधीच पक्की झाली होती आणि ती फक्त मॅडमच्या संगणकावर असे. आम्ही बसवलेल्या नकाशावर ती ठेवली की रस्त्याच्या पट्ट्याखाली कोणाची जमीन येते ते कळे, आणि त्यावरून नोटिसांची यादी निघे. रस्ता जिथून जायचा तिथूनच जाणार होता. तो कोणाच्या नावावरून जाणार, एवढं आमच्या नकाशाने ठरत होतं.

यादी निघण्याआधी एक दिवस गावात जाऊन पाच ठिकाणं तपासायची पद्धत होती. मी मोजणीचं जीपीएस जोडलेला टॅब घेऊन वाघोलीच्या पुढे उतरले आणि आत चालत गेले. महामार्गापासून पाऊण-एक किलोमीटरवर दाट घरं लागली. आधी एक वस्ती होती. दोन खोल्यांची सिमेंटची घरं, मध्ये छोटं विहार, त्यावर पंचशील ध्वज. मला एकदम बरं वाटलं. आमचंही घर त्यातलंच, आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासूनचं. वस्तीला लागूनच पलीकडे शेतकऱ्यांची आळी सुरू होत होती. मध्ये पूर्वी बांध असणार. आता दोन्हीकडची घरं एकमेकांना चिकटली होती आणि कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नव्हतं.

वस्तीत एका घरावर नव्या खोलीचं काम अर्धवट थांबलेलं होतं. गज तसेच वर आलेले. दारातल्या बाईंना मी काम का थांबलं विचारलं. त्या म्हणाल्या, "रस्ता येणार म्हणतात. आमच्यावरनंच येणार. यादीत आहोत म्हणे आम्ही बारा घरं." यादी अजून निघालीच नव्हती, तरी त्यांना ती पाठ होती. माझ्या हातातल्या टॅबकडे त्या बघत होत्या. मी तो खाली धरला.

आळीत ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते, मीही म्हटलं. त्यांना मी विहीर कुठे आहे ते विचारलं. टॅबवर ती त्यांच्या भावाच्या गोठ्यात दिसत होती.

आबा गोठ्याकडे बघून म्हणाले, "हितं? हितं म्हशी हायेत, ताई. हिर तिकडं हाय."

त्यांनी काठीने मागच्या बाजूला दाखवलं, महामार्गाच्या दिशेला. आंब्यांच्या दाटीत खरोखरच विहीर होती, वर अर्धी स्लॅब घातलेली. मी गोठ्यापासून पावलं मोजली. तीस झाली.

"आमच्या आज्यानं खांदलेली," आबा म्हणाले. "तवापासून हितंच हाय. तिला काय पाय फुटलं न्हाईत."

मी हसले आणि पुन्हा टॅबकडे पाहिलं. पडद्यावर दहा सेंटिमीटर, जमिनीवर तीस पावलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं.

"एरर किती दाखवतोय?" त्यांनी विचारलं.

"दहा सेंटिमीटर."

"मग विहिरीलाच अर्ज करायला सांगा. तुम्ही कशाला तिची बाजू मांडताय?"

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरी निघालो. यादी पुढच्या गुरुवारी जायची होती.

आता इथे मला कॉलेजबद्दल थोडं सांगावं लागेल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन होतं. सर फळ्यावर लिहायचे: एक रूपांतरण (१, ०) ला (२, १) वर नेतं आणि (०, १) ला (−१, ३) वर. तर (५, ४) कुठे जाईल? मी पहिल्याच्या पाच पटीत दुसऱ्याची चार पट मिळवायचे. दहा उणे चार सहा, पाच अधिक बारा सतरा. उत्तर (६, १७). चार मार्क. असली गणितं मी डोळे मिटून सोडवत असे, आणि त्याचा अर्थ काय हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी कात्रजच्या आमच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर आलेखकागद पसरला. पप्पा समोर पेपर वाचत होते. ते मोजणीच्या कामात साखळी ओढणारा गडी म्हणून लागले आणि भूकरमापक होऊन निवृत्त झाले. मी सरांचंच उदाहरण घेतलं, पण या वेळी चित्र काढून. उजवीकडचं एक पाऊल कुठे जातं ते काढलं, वरचं एक पाऊल कुठे जातं ते काढलं. त्या दोन पावलांचा मिळून एक तिरपा चौकोन झाला. त्याच्या शेजारी दुसरा, अगदी तसाच. त्याच्यावर तिसरा. कागदभर एकसारख्या तिरप्या चौकोनांचं जाळं पसरत गेलं आणि मोजत गेले तर (५, ४) बरोबर (६, १७) वर येऊन बसला. म्हणजे रूपांतरणाला दोनच पावलं माहीत असली की पुरतं. बाकीचं सगळं जग ते त्या दोन पावलांवरून बांधतं. मी ते कितीतरी वेळ बघत बसले. कॉलेजात असताना कळलं असतं तर आनंद झाला असता. आता मात्र मला त्या गावाची दोन पावलं आठवली.

एक पाऊल महामार्गाच्या दिशेचं. ते सांगायला तीन बिंदू होते आणि ते एकमेकांना तपासत होते. दुसरं पाऊल महामार्गापासून आत, शिवाराकडे जाणारं. ते सांगायला फक्त चावडी.

पप्पांना मी कागदावर दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "हे तिघे एका ओळीत उभे आहेत. त्यांना आतलं काय माहीत?"

"प्रोग्राम दहा सेंटिमीटर म्हणतो."

"या तिघांची चूक दहा असेल. चावडीला तपासायला कोण आहे?"

कोणीच नव्हतं. चावडी जे सांगेल ते प्रोग्राम मुकाट्याने मानणार होता, आणि तिची चूक शून्य धरणार होता. मी लॅपटॉप उघडून चावडी मोठी करून पाहिली. जुन्या नकाशात तिची शाईची रेघ जाड होती. तेवढी जाडी म्हणजे जमिनीवर जवळपास एक मीटर. रेघेच्या आतल्या कडेवर माउसची टिचकी मारायची ती मी महामार्गाकडच्या कडेवर मारली होती. म्हणून कागदावर चाळीस मीटरच्या जागी एकोणचाळीस झाले, आणि प्रोग्रामने कागद कमी पडतोय असं समजून तो तेवढा ताणला. दर चाळीस मीटरच्या चौकोनाला एक मीटर. चावडीपाशी ते कुणाला कळणारही नाही. पण रूपांतरणाचा नियम प्रामाणिक असतो, पहिल्या चौकोनात जे केलं तेच शेवटपर्यंत करतो. विहीर महामार्गापासून नऊशे मीटर आत, म्हणून मी नऊशेला चाळीसने भागलं. साडेबावीस. विहिरीपाशी पोचेपर्यंत सगळं शिवार बावीस-तेवीस मीटर पुढे ढकललं गेलं होतं. तीस पावलं.

मी पेन खाली ठेवलं. ती टिचकी माझीच होती.

पप्पांनी पेपर घडी करून ठेवला. "दुरुस्त करशील?"

"करावंच लागेल."

"त्याने रस्ता कुणावरून कुणावर जातो ते बघितलंस का?"

आखणी माझ्याकडे नव्हती, तरी हिशेब सोपा होता. सगळं शिवार तेवीस मीटर माघारी घेतलं तर पट्ट्याखालून वस्ती निघून जाणार होती आणि मागची आळी आत येणार होती.

"मग सोबत कागद ठेव," पप्पा म्हणाले. "प्रत्येक आकड्याचा. आधी तुझं आडनाव बघतील आणि मग गणित."

सोमवारी मी मॅडमना आलेखकागद दाखवला. त्यांनी चेष्टा केली नाही. खुर्ची पुढे ओढून त्यांनी चावडी स्वतः मोठी करून पाहिली. "बुधवार संध्याकाळपर्यंत नवे बिंदू आणा," त्या म्हणाल्या. "आणि याबद्दल कुठे बोलू नका."

मंगळवारी मी पुन्हा आबांच्या दारात होते. मला विहिरीचा बिंदू घ्यायचा होता आणि शिवेचा दगड हवा होता. तो कुठे आहे हे फक्त त्यांनाच माहीत होतं. आबा कोयता घेऊन पुढे चालत निघाले. ओढ्याकाठी घाणेरीचं रान माजलेलं होतं. वाकून फांद्या तोडत ते वाट करत होते आणि मी मागून टॅब धरून. मध्ये थांबून ते म्हणाले, "ही हद्द आता कुणाला ठाव न्हाई. माझ्यामागं तू एकलीच." दगड पालथा पडलेला नव्हता, हललेला नव्हता, नुसता शेवाळून काळा झालेला होता. मी त्याच्यावर टॅब ठेवला आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबले. आबा घाम पुसत विचारत होते, "आता हिर जागेवर येईल नव्हं?" मी हो म्हटलं. परत आल्यावर त्यांच्या सुनेने चहा दिला. आणखी एक तपासणीचा बिंदू असावा म्हणून मी त्यांच्या ओट्यावरही टॅब ठेवून नोंद घेतली. तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं. मी चहा प्यायले.

आधीचे चार, विहीर आणि दगड मिळून सहा बिंदू, म्हणजे बारा समीकरणं, अज्ञातं सहा. प्रोग्रामवर सोडण्याआधी मी ती हाताने मांडली, पप्पांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक पायरी लिहून. सहाही बिंदूंना एकदम खूश करणारं उत्तर नसतं. सगळ्यांची मिळून चूक कमीत कमी राहील असं उत्तर काढायचं असतं. ते निघालं तेव्हा विहीर आणि दगड अर्ध्या मीटरच्या आत आपापल्या जागी आले. चावडी एकटी जवळजवळ मीटरभर बाहेर उभी राहिली. आता तिला तपासणारे होते.

बुधवारी मॅडमनी नव्या नकाशावर आखणी ठेवली. लाल पट्टा चोवीस मीटर रुंद. त्याच्या अगदी मधोमध एक छोटा हिरवा ठिपका होता. मी कालच घेतलेला, आबांच्या ओट्यावरचा.

"हे घर कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं.

"आणि आधी जी घरं येत होती, त्या वस्तीत आपलं कोणी ओळखीचं?"

"कोणी नाही."

"मला ठाऊक आहे. पण विचारलं जाईल, म्हणून विचारलं." त्यांनी माझ्या हाताने लिहिलेली पानं मागून घेतली, स्कॅन केली आणि फाईलला जोडली. खाली स्वतःची सही केली, माझी मागितली नाही. माझं नाव बाहेर जाणार नाही म्हणून तेव्हा मला ते उपकार वाटले. दुरुस्त फाईल गुरुवारी गेली.

शनिवारी मी स्वतःहून आबांकडे गेले. नोटीस यायच्या आधी माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, चावडीची जाड रेघ, माझी चुकीची टिचकी, तेवीस मीटर. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. वाड्यातल्या कोंबड्या पायात येत होत्या, त्यांना ते काठीने हळू बाजूला करत होते.

"नकाशा चुकीचाच ऱ्हायला असता तर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नोटीस वस्तीतल्या लोकांना गेली असती. रस्ता मात्र इथूनच आला असता. तुमच्या दारात यंत्र आल्यावर तुम्हाला कळलं असतं."

"म्हंजी घर जायाचंच व्हतं."

"हो."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "हे मला कळतंय. आतल्यांना कळंल का, ते सांगता येत न्हाई." आतून कुणीतरी दार लोटून घेतलं.

यादी लागल्यावर मला फोन यायला लागले. अनोळखी नंबर, आवाज दर वेळी वेगळा. "नकाशावाल्या ताई का?" मी हो म्हणायचे. "पूर्ण नाव काय तुमचं?" मी फक्त नाव सांगायचे. "आडनाव?" पहिल्या वेळी मी आडनाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग "बरं", आणि फोन बंद. शिवी नाही, धमकी नाही. नंतर मी आडनाव सांगणं सोडलं, तरी ते विचारत राहिले. पप्पांनी मला घरी यायची वाट बदलायला लावली.

दोन महिन्यांनी जागेवर सगळ्यांसमक्ष व्हायची ती संयुक्त मोजणी झाली. तिथे कंपनीचं माणूस लागतं, मॅडमनी मला पाठवलं. तिपाईवर यंत्र लावून मोजणीवाल्यांनी विहीर घेतली, दगड घेतला, मग आळी. आबांचे दोन पुतणे हाताची घडी घालून उभे होते. त्यांना वाटत होतं, आता चूक सापडेल. मलाही आतून वाटत होतं, सापडावी. मोजणीवाल्याने आकडे माझ्या नकाशाशी ताडून पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "नकाशा चोख आहे. हातभराचाही फरक नाही." थोरला पुतण्या माझ्याजवळ आला, गळ्यातलं ओळखपत्र बोटाने उलटं करून सावकाश वाचलं आणि परत सरळ केलं.

पट्ट्याच्या कडेची एक खुंटी आबांच्या घराच्या भिंतीपलीकडे येत होती. मोजणीवाले बाहेरूनच भिंतीवर खूण करायच्या बेतात होते.

आबा ओट्यावरून उठले. "ती आत कुठं येती?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

"मग आत या की. भाईर कशाला ठोकता?" त्यांनी दार उघडलं.

सुनेने गॅसवरचं भांडं उतरवलं आणि ती भिंतीला लागून उभी राहिली. लोखंडी खुंटीसाठी शहाबादी फरशी फोडावी लागली. पहिल्या दोन घावांत ती फुटली नाही. मी टॅबवर आकडा बघून "अजून थोडं डावीकडे" असं सांगितलं, कारण ते माझं काम होतं. तिसऱ्या घावाला फरशी तडकली.

सुनावणी अजून चालू आहे, रस्त्याचं काम सुरू झालेलं नाही. वस्तीतल्या बाईंची वरची खोली पुरी झाल्याचं कळलं. मॅडमनी माझी बदली दुसऱ्या टेबलावर केली, तिथे गावात जावं लागत नाही. आबा महिन्यातून एखादा फोन करतात. परवा म्हणाले, सून त्या खुंटीला अडखळून पडली, म्हणून तिच्यावर पातेलं पालथं घातलंय. मग म्हणाले, "थोरला पुतण्या लई दिवस मला विचारत व्हता, ती पोरगी ऱ्हाती कुठं म्हणून. मी सांगितलं न्हाई."

"अजून विचारतात?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आता त्याला विचारावं लागत न्हाई."